रसायनांची पारख आणि मुक्या जीवांचे ऋण

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने विदर्भातील एका कृषी महाविद्यालयात विषशास्त्राच्या एका ज्येष्ठ संशोधिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर वाचकांसाठी येथे देत आहोत.)



विज्ञान दिनाच्या व्याख्यानासाठी अंतराळ, अणुशक्ती किंवा संगणक असे विषय निवडण्याचा प्रघात आहे. माझा विषय तितका दिमाखदार नाही. गेली अनेक वर्षे मी विषांचा अभ्यास करीत आले आहे. एखादे रसायन माणसाच्या अंगावर पडले, श्वासावाटे आत गेले किंवा पोटात गेले, तर किती मात्रेला कोणता अपाय होतो, हे शोधून काढणे हे विषशास्त्राचे काम. आपण दररोज वापरतो तो साबण, घेतो ते औषध, भिंतीला देतो तो रंग आणि कपाशीवर फवारतो ते कीटकनाशक, या प्रत्येक वस्तूमागे कोणी तरी, कोठे तरी ही पारख केलेली असते. ती पारख आजवर बहुतांशी मुक्या प्राण्यांच्या देहावर झाली. ती तशीच चालू ठेवावी काय, न ठेवल्यास तिच्या जागी काय आणावे, आणि त्या पारखीचा उपयोग अखेर कोणाला होतो, या तीन प्रश्नांविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

पहिली चाचणी कोणावर?

आरंभ आपल्याच राज्यातील एका घटनेने करते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. ती रोखण्यासाठी डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस तयार केली. ती प्रथम सशांना टोचली. ससे तगले, परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. परळ येथील ज्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, त्या हाफकिन संस्थेचा उगम या कार्यात आहे.

प्राणी, स्वतः शास्त्रज्ञ आणि तुरुंगातील कैदी, असा हा क्रम आहे. नवा पदार्थ प्रथम कोणावर तपासायचा, या प्रश्नाला मानवजातीने दिलेली सारी उत्तरे त्या एका महिन्यात एकवटली आहेत. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी हीच लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लस दोषी नव्हती. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. पदार्थ चांगला असून भागत नाही, त्याची प्रत्येक खेप तपासली गेली पाहिजे, हा धडा त्या १९ जणांच्या मृत्यूने शिकविला.

दुसरी घटना अमेरिकेतील आहे. १९३७ साली तेथील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध पातळ स्वरूपात विकण्याचे ठरविले. औषध विरघळविण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हा गोडसर द्रव वापरला. चव, वास, रंग तपासले. विषारीपणा तपासला नाही, कारण तसे बंधनच कायद्यात नव्हते. शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. १९३८ साली नवा कायदा झाला आणि औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता दाखविणे बंधनकारक ठरले. अशा रीतीने प्रयोगशाळेत प्राण्यांचे पिंजरे आले. ते क्रूरपणाने आणले गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसांची मुले मरू नयेत म्हणून ते आणले गेले.

त्रिकोणामागील उंदीर

१९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने औषधांची तीव्रता मोजण्याची एक रीत सुचविली. प्राण्यांचे गट करून त्यांना पदार्थाच्या चढत्या मात्रा द्यायच्या, आणि ज्या मात्रेला गटातील निम्मे प्राणी मरतात ती मात्रा नोंदवायची. तिला एल.डी. ५० म्हणतात. मुळात ही रीत इन्शुलिन किंवा डिजिटॅलिससारख्या, रसायनाने नेमक्या न मोजता येणाऱ्या औषधांसाठी होती. पुढे मात्र ती प्रत्येक रसायनाला लावण्याचा परिपाठ पडला.

आपल्यापैकी शेतकरी बंधूंनी या आकड्याचे चित्र शेकडो वेळा पाहिले आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम यांनुसार तो छापावा लागतो. तोंडावाटे दिलेल्या विषाची मारक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर त्रिकोण लाल. ५१ ते ५०० असेल तर पिवळा. ५०१ ते ५००० असेल तर निळा. आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. म्हणजे लाल रंग सर्वांत घातक. हा रंग ठरविण्यासाठी पूर्वी एकेका रसायनामागे पन्नास-पन्नास, शंभर-शंभर उंदीर खर्ची पडत.

त्यांपैकी काही माझ्या हातून गेले आहेत. शिक्षण संपल्यावर एका खाजगी प्रयोगशाळेत मी पहिली नोकरी धरली. सकाळी नळीने मात्रा द्यायची आणि नंतर घड्याळ लावून बसायचे. कोणता उंदीर थरथरू लागला, कोणाच्या तोंडाला फेस आला, कोणाचा श्वास थांबला, हे तक्त्यात भरायचे. कामात चूक होऊ नये म्हणून मी मन घट्ट करायला शिकले. परंतु एके दिवशी कागदपत्रे चाळताना माझ्या लक्षात आले की, ज्या रसायनाची चाचणी आम्ही करीत आहोत, तिचा आकडा परदेशात अगोदरच निघालेला आहे. तेथील अहवाल येथे चालत नव्हता आणि येथील अहवाल तेथे चालत नव्हता, एवढ्याच कारणाने तेच उंदीर पुन्हा मरत होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच सुमारास दिवाळीला गावी गेले होते. माझे काका कपाशी पिकवीत. त्यांनी माझ्या देखत बादलीत दोन औषधे ओतली आणि काठी सापडली नाही म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळली. मी ओरडले. डब्यावरचा त्रिकोण दाखवून, हा आकडा कसा निघतो ते सारे सांगितले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, तुह्या उंदराईले जे समजलं, ते आमाले कवा समजन?" या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. माझे पुढील सारे संशोधन हे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे, असे म्हटले तरी चालेल.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

प्राणिप्रयोगांविषयी पहिली शंका दयेपोटी आली. दुसरी शंका शास्त्रानेच उपस्थित केली. एकाला जे पचते ते दुसऱ्याला पचतेच असे नाही. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला घातक ठरते, कारण ती निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. कुत्र्याला चॉकलेट बाधते. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घ्यावे लागले. तोवर जगभर सुमारे दहा हजार बालके अपंग जन्मली होती. गर्भवती प्राण्यांवर त्याची पुरेशी तपासणी झालेली नव्हती, ही एक गोष्ट. आणि नंतर तपासले तेव्हा उंदीर-घुशींच्या जातींवर त्याचा परिणाम फारसा दिसेना, सशांच्या काही जातींत मात्र तो स्पष्ट दिसला, ही दुसरी गोष्ट. २००६ साली लंडनमध्ये एका नव्या औषधाची पहिली चाचणी सहा निरोगी तरुणांवर झाली. माकडांना निर्धोक वाटलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग त्यांना देण्यात आला होता; तरीही सहाही जण अत्यवस्थ झाले.

आता आपल्या त्रिकोणाकडे पुन्हा येऊ. २०१७ च्या खरिपात येथून जवळच, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा उष्ण व दमट, अंगात साधा सदरा, आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण, अशी परिस्थिती त्या वेळी समोर आली. डब्यावरचा आकडा हा एका औषधाचा, पोटात गेलेल्या किंवा कातडीला लावलेल्या एका मात्रेचा, आणि प्रयोगशाळेच्या थंड खोलीतील निरोगी उंदराचा असतो. घामाने भिजलेल्या माणसाच्या पाठीवर तीन औषधांचे मिश्रण आठ तास राहिले तर काय होते, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. म्हणजे उंदराने प्राण दिला तो दिलाच. परंतु आपल्याला हवे होते ते उत्तर मिळाले नाही.

तीन तत्त्वे

या कोंडीतून वाट दाखविणारे एक पुस्तक १९५९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. विल्यम रसेल हे प्राणिशास्त्रज्ञ आणि रेक्स बर्च हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. प्रयोगातील प्राण्यांच्या हालांचा त्यांनी शास्त्रीय पद्धतीने अभ्यास केला आणि तीन तत्त्वे मांडली. आपल्या भाषेत मी त्यांना पर्याय, काटकसर आणि कनवाळूपणा असे म्हणते. प्राण्याविना उत्तर मिळत असेल तर प्राणी वापरू नये, हा पर्याय. वापरावाच लागला तर कमीत कमी संख्येत वापरावा, ही काटकसर. जो वापराल त्याला वेदना कमीत कमी होतील असे पाहावे, हा कनवाळूपणा. त्यांचे म्हणणे असे होते की, भेदरलेल्या व हाल होणाऱ्या प्राण्यापासून मिळालेला निष्कर्षही विश्वासार्ह नसतो. म्हणजे दया आणि अचूकता यांचे भांडण नाही. हा विचार मान्य व्हायला मात्र दोन दशके गेली.

काटकसरीचे उदाहरण एल.डी. ५० चेच घेऊ. प्राणी मरेपर्यंत वाट पाहायची आवश्यकता काय, विषबाधेची स्पष्ट लक्षणे दिसली की पुरे, असा विचार ब्रिटनमधील विषशास्त्रज्ञांनी १९८४ साली पुढे मांडला. दुसऱ्या एका पद्धतीत तीन-तीन प्राण्यांचे टप्पे करतात आणि बहुधा दोन ते चार टप्प्यांत काम भागते. शेवटी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००२ साली जुनी एल.डी. ५० चाचणी आपल्या मार्गदर्शक चाचण्यांच्या यादीतून काढून टाकली. त्रिकोणाचा रंग ठरविण्यासाठी नेमका आकडा लागतच नाही, तो कोणत्या पट्ट्यात पडतो एवढेच समजावे लागते, ही साधी गोष्ट ध्यानात यायला पाऊणशे वर्षे लागली.

माझ्या पहिल्या नोकरीतील दुखणेही याच मार्गाने बरे झाले. एका सदस्य देशात ठरलेल्या शिस्तीने झालेली चाचणी दुसऱ्याने मान्य करावी, असा निर्णय त्या संघटनेने १९८१ साली घेतला होता. भारत २०११ साली त्या व्यवस्थेत पूर्णपणे सहभागी झाला. एका परस्पर-मान्यतेच्या कागदाने जितके प्राणी वाचतात, तितके कित्येकदा एखाद्या मोठ्या शोधानेही वाचत नाहीत.

जिवंत प्राण्याविना

आता पर्यायांकडे वळू. १९४४ साली अमेरिकेत ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून दाह मोजण्याची चाचणी बसविली. डोळा लाल होतो का, पारदर्शक पटल गढूळ होते का, हे दिवसेंदिवस पाहायचे. प्रसाधनांसाठी होणाऱ्या या चाचणीविरुद्ध १९८० साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री स्पायरा यांनी मोठी चळवळ उभारली. त्यातून उद्योगांनी संशोधनासाठी पैसा दिला आणि १९८१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी पद्धतींचे केंद्र सुरू झाले. लोकांनी प्रश्न विचारला, उद्योगाने खर्च उचलला आणि शास्त्रज्ञांनी उत्तर शोधले, असे हे सहकार्य आहे.

आज डोळ्याच्या दाहासाठी खाटिकखान्यात अन्नासाठी मारलेल्या जनावरांचे पारदर्शक पटल वापरता येते. त्वचेच्या दाहासाठी माणसाच्या त्वचेतील पेशी काचपात्रात वाढवून, थरावर थर चढवून, खऱ्या त्वचेसारखा पापुद्रा तयार करतात. त्यावर रसायन ठेवायचे, धुऊन टाकायचे आणि पेशी किती जिवंत राहिल्या ते रंगाने मोजायचे. या चाचण्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक यादीत आल्या आहेत.

कर्करोगाचा धोका ओळखण्यासाठी एका रसायनामागे शेकडो उंदीर आणि दोन वर्षे लागत. १९७३ साली ब्रूस एम्स यांनी एक सोपी चाळणी दाखविली. हिस्टिडीन हा अन्नघटक स्वतः बनवू न शकणारे जिवाणू घ्यायचे, त्यांना रसायनाच्या सान्निध्यात वाढवायचे, आणि आनुवंशिक बदल होऊन किती जिवाणू ती शक्ती परत मिळवितात ते मोजायचे. दोन दिवसांत उत्तर येते. १९७७ साली अमेरिकेत लहान मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांना लावले जाणारे ट्रिस हे अग्निरोधक रसायन बंद झाले, त्यामागे याच चाचणीचा इशारा होता. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, या चाचणीत उंदराच्या यकृताचा अर्क घालावा लागतो. कारण पुष्कळ रसायने शरीरात गेल्यावर, यकृतातील प्रक्रियेनंतरच घातक बनतात. म्हणजे प्राणी पूर्णपणे सुटला नाही. परंतु शेकडोंच्या जागी थोड्यांवर काम आले.

सलाइनच्या बाटलीत ताप आणणारे जंतुजन्य द्रव्य आहे काय, हे पूर्वी सशाला टोचून, त्याचा ताप मोजून ठरवीत. १९५६ साली फ्रेडरिक बँग यांना समुद्रातील नालखेकड्याच्या निळसर रक्तात त्या द्रव्याने गाठ बनते, असे आढळले. त्या रक्ताच्या अर्काने सशांची जागा घेतली. आता त्याच अर्कातील कार्यकारी प्रथिन सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी पेशींत तयार करून दाखविल्यामुळे खेकड्यालाही मोकळे करण्याची वाट खुली झाली आहे.

आमचे काम

आमच्या प्रयोगशाळेने काकांच्या प्रश्नाचा एक लहानसा तुकडा उचलला: विष कातडीतून किती जाते? दोन खणांची एक काचेची कुपी घ्यायची. मध्ये त्वचेचा तुकडा पडद्यासारखा ताणून बसवायचा. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली व रुग्णाच्या संमतीने मिळालेली मानवी त्वचा, किंवा डुकराच्या कानाची त्वचा यासाठी चालते. वरच्या खणात औषध, खालच्या खणात रक्तासारखा द्राव. दर तासाला खालचा द्राव काढून त्यात औषध किती उतरले ते मोजायचे. ही पद्धत २००४ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक यादीत आहे. उंदराची कातडी सामान्यतः माणसाच्या कातडीपेक्षा अधिक झिरपती असते. म्हणून येथे काचेची कुपी उंदरापेक्षा माणसाविषयी अधिक खरे सांगते. तापमान वाढविता येते, त्वचा घामासारखी ओली ठेवता येते आणि दोन औषधे एकत्र घालून पाहता येतात. ऊब आणि ओलावा वाढला की कातडीचा बांध सैल होतो, हे विषशास्त्रातील जुने ज्ञान डोळ्यांपुढे उभे राहते.

आत शिरलेले विष काय करते, तेही प्राण्याविना मोजता येते. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके कोलिनएस्टरेज नावाच्या विकराला जखडून टाकतात. हे विकर मज्जातंतूंचा संदेश पोचल्यावर तो थांबविण्याचे काम करते. ते बंद पडले की लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास थांबतो. तेच तक्ते मी एके काळी उंदरांवरून भरीत होते. एलमन यांनी १९६१ साली दाखविलेल्या पद्धतीने हे विकर परीक्षानळीत रंगाच्या साहाय्याने मोजता येते, आणि त्यासाठी माणसाच्या रक्ताचे काही थेंब पुरतात. फवारणीच्या हंगामापूर्वी आणि हंगामात मजुरांच्या रक्तातील हे विकर मोजले, तर लक्षणे दिसण्यापूर्वीच धोका ओळखता येतो. प्राण्याला वाचविणारी चाचणी आणि मजुराला वाचविणारी चाचणी येथे एकच आहे.

मर्यादा

तथापि, प्राणिप्रयोग उद्याच संपतील, असे आश्वासन मी देणार नाही. त्वचा, डोळा, आनुवंशिक बदल यांच्या चाचण्या काचपात्रात आल्या. परंतु वर्षानुवर्षे थोडे थोडे विष गेल्याने मेंदूवर, गर्भावर किंवा अंतःस्रावी ग्रंथींवर होणारे परिणाम एका पेशीत उमटत नाहीत. २०१० साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी फुप्फुसाचे कार्य करणारी बोटाएवढी पट्टी बनविली; आता यकृत, मूत्रपिंड यांच्याही पट्ट्या निघत आहेत. तरी अवयवांचा परस्परसंवाद पूर्णपणे उभा करणे अद्याप साधलेले नाही.

आपल्या शेतातील उदाहरण घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर जे प्रतिविष दिले जाते, ते घोड्यांना विष टोचून त्यांच्या रक्तातून काढतात. आणि त्याची शक्ती आजही मुख्यतः उंदरांवर तपासली जाते. परीक्षानळीतील पर्यायांवर संशोधन चालू आहे. ते सिद्ध होईपर्यंत ही चाचणी बंद करा, असे मी म्हणू शकणार नाही. कारण निकामी प्रतिविषाची कुपी म्हणजे रात्री बांधावर साप चावलेल्या माणसाचा मृत्यू. पर्याय हा पूर्वीच्या चाचणीपेक्षा कमी विश्वासार्ह असता कामा नये. प्राण्यावरील दयेची किंमत गरिबाच्या जिवाने चुकती करावयाची नाही.

कायद्याची चौकट

आपल्या देशाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. शास्त्रीय ज्ञानासाठी प्रयोगांना त्यात मुभा आहे. परंतु पुस्तके, नमुने, चित्रपट यांनी शिकविता येत असेल तेथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, हे तत्त्व त्यातच नमूद आहे. प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती १९६४ साली नेमली गेली आणि १९९८ साली सविस्तर नियम आले. आज प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि नीतिसमितीपुढे प्राण्यांची संख्या व गरज सिद्ध करावी लागते. २०१४ साली भारताने प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास, तसेच अशा चाचण्या झालेली प्रसाधने आयात करण्यास बंदी घातली. युरोपीय संघाने विक्रीवरील बंदी त्याच्या आदल्या वर्षी पूर्ण केली होती. २०२३ साली नव्या औषधांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, अवयव-पट्ट्या व संगणकीय पद्धतींना स्थान मिळाले. अमेरिकेने १९३८ पासून चालत आलेली प्राणिचाचणीची सक्ती २०२२ च्या डिसेंबरात सैल केली. दार उघडले आहे. आता त्यातून जाणारे प्रशिक्षित तरुण हवेत.

ज्ञात असूनही

शेवटी एक गोष्ट सांगितल्याविना मला थांबता येत नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या ज. जी. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते. होय, तेच द्रव्य, ज्याने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते! न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. ते द्रव्य विषारी आहे, हे सिद्ध करायला एकाही नव्या उंदराची आवश्यकता नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी ते सिद्ध झाले होते. आवश्यकता होती ती पिंपातील द्रवाचा एक थेंब रासायनिक रीतीने तपासण्याची.

याच्या उलट उदाहरण भोपाळचे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा त्याच्या विषारीपणाविषयी प्रसिद्ध झालेली माहिती फारच तुटपुंजी होती. उपचार करणारे डॉक्टर अंधारात चाचपडत होते. एका ठिकाणी ज्ञान होते, पण वापरले गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी ते वेळीच मिळविले आणि मांडले गेले नाही. दोन्हीकडे माणसे मेली. रसायनांची सुरक्षितता म्हणजे केवळ चाचण्यांची संख्या नव्हे, हे या दोन घटनांवरून ध्यानात येईल. योग्य प्रश्न विचारणे, मिळालेले उत्तर जपून ठेवणे आणि ते ज्याच्या हातात डबा आहे त्याच्यापर्यंत पोचविणे, ही साखळी अखंड राहिली पाहिजे.

या साखळीचा शेवटचा दुवा तुम्ही आहात. उद्या तुम्ही कृषी सहायक व्हाल, कृषिसेवा केंद्र चालवाल, किंवा स्वतः शेती कराल. माझ्या तीन विनंत्या आहेत. डबा विकताना किंवा घेताना त्रिकोणाचा रंग पाहा आणि तो समोरच्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा. शिफारस नसलेली मिश्रणे करू नका; दोन औषधांच्या एकत्र परिणामाची चाचणी कोणत्याही डब्यावर छापलेली नसते. आणि फवारणीनंतर साबणाने अंग धुणे, कपडे बदलणे, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास डब्यासह ताबडतोब दवाखाना गाठणे, या गोष्टी बायकामाणसांपासून मजुरांपर्यंत सर्वांना ठाऊक करून द्या. फवारणीचे कपडे धुणारी स्त्रीही तेच विष हाताळीत असते.

माझे काका आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला अजूनही देता आलेले नाही. परंतु ज्या मुक्या जिवांनी हे ज्ञान आपल्या प्राणांनी मिळवून दिले, त्यांचे ऋण फेडण्याचे दोन मार्ग मला दिसतात. पुढे तितके जीव लागू नयेत म्हणून प्रयोगशाळेत झटणे, हा एक. आणि त्यांनी दिलेले ज्ञान बांधापर्यंत नेणे, हा दुसरा. पहिला मार्ग आम्ही चालतो आहोत. दुसऱ्यासाठी मला आपली सोबत हवी आहे.